जाड रेघ खाली होती

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. त्याला विचाराल तर तो म्हणेल, "ओहायोत असताना ही म्युझियममध्ये जायची, जुनी चित्रं इकडची तिकडे ठेवायला." त्यात खोटं काही नाही. ठेवायचेच मी चित्रं. पण ती ठेवता ठेवता मी एका माणसाला फसवत गेले. त्या माणसानं माझ्या डोळ्यांवर जेवढा विश्वास टाकला, तेवढा त्याच्याआधी कुणी टाकला नव्हता आणि नंतरही कुणी टाकला नाही. तो माणूस आता नाही. मीही पन्नाशी ओलांडली. आता लिहून टाकावं म्हणते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नवरा पीएचडी करत होता, सकाळी लॅबमध्ये जायचा तो संध्याकाळी उगवायचा. विद्यार्थ्याच्या बायकोचा व्हिसा, त्यामुळे मला पगाराचं काम करायची परवानगी नव्हती. गाव लहान. युनिव्हर्सिटी संपली की मक्याची शेतं सुरू, आणि थंडीत तीही नाहीत, नुसतं पांढरं. मी मुंबईत कमर्शियल आर्टचा डिप्लोमा करून आलेली, आणि इथे अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉटमधल्या गाड्यांची चित्रं काढत बसलेली.

गावात एक काकू होत्या. डॉक्टरांची बायको, आमच्या कितीतरी आधी आलेल्या. नव्यानं आलेल्या प्रत्येक मराठी जोडप्याला त्या दत्तकच घ्यायच्या. मला म्हणाल्या, "अगं, भिंतींकडे काय बघत बसतेस? युनिव्हर्सिटीच्या म्युझियमला व्हॉलंटिअर लागतात. फुकट राबायला व्हिसा आड येत नाही."

अशी मी त्या खोलीत पोचले. तिला प्रिंट रूम म्हणत. उत्तरेला मोठी खिडकी, मधोमध लांब टेबल, भिंतीशी काळ्या पेट्यांची रांग. प्रत्येक पेटीत जाड पुठ्ठ्याच्या चौकटींत बसवलेले कागद, तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीचे. आत जाताना पेन बाहेर ठेवायचं, फक्त पेन्सिल चालेल. बांगड्या काढायच्या. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. टेबलाच्या टोकाला क्युरेटर बसलेले. सत्तरीच्या जवळचे, उंच, कोपरांना चामड्याची ठिगळं लावलेला कोट. त्यांनी पहिल्याच दिवशी माझी बोटं पाहिली.

"हे पिवळं काय आहे?"

"हळद. सकाळी भाजी केली होती."

"हात धुतलेत?"

"दोनदा."

त्यांनी एक टिपकागद पुढे सरकवला. मी त्यावर बोट घासलं. डाग पडला नाही. त्यांनी कागद उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, "ठीक. तुमचा रंग पक्का आहे. बसा."

त्यांना नावानं हाक मारा म्हणून त्यांनी मला बरेचदा सांगितलं. माझ्यानं ते झालं नाही. मी सर म्हणायचे. "मला अजून कुठल्या राणीनं 'सर' केलेलं नाही," असं ते कुरकुरायचे, आणि मग तेही पडलं अंगवळणी.

त्यांचं सगळं आयुष्य एका मुलाच्या मागे गेलं होतं. हॉलंडमधल्या एका थोर चित्रकाराकडे हा मुलगा शिकायला होता. नाव लिहीत नाही, या गोष्टीत मी कुणाचंच लिहिणार नाही. पुढे तो स्वतःच्या ढंगाचा चित्रकार झाला, नावारूपाला आला. पण शिकत असतानाच्या वर्षांत तो अगदी गुरूसारखी चित्रं काढायचा. तपकिरी शाई, पिसाची नाहीतर बोरूची लेखणी, बायबलातले प्रसंग, दारातले म्हातारे, भिकारी. सगळं गुरूचं पाहून. त्यामुळे त्याची ती कोवळी चित्रं जगभरच्या पेट्यांत कुठे गुरूच्या नावावर, कुठे दुसऱ्याच शिष्याच्या नावावर, कुठे 'अज्ञात' म्हणून पडलेली. सही असलेलं एकच. त्या एकावरून बाकीची ओळखून काढायची आणि त्यांचं एक लहानसं प्रदर्शन भरवायचं, रिटायर होण्याआधी, एवढंच सरांना हवं होतं.

मराठीत यासाठी किती सोपा शब्द आहे! हे कुणाच्या हातचं? आमटी एकाच घरची, पण आईच्या हातची वेगळी आणि मावशीच्या हातची वेगळी. एकदा मी सरांना हे इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. ते खूष झाले. म्हणाले, "मग चव कशी ओळखायची ते शिका."

आणि शिकवलं त्यांनी. गुरूची रेघ अर्ध्यात सुटते. बाही काढता काढता त्याला कंटाळा येतो, तो ती तशीच सोडतो, आणि आपला डोळा ती पुरी करतो. शिष्य भित्रा. तो प्रत्येक रेघ बंद करतो, दार लावून घ्यावं तशी. आमचा मुलगा तर हाताची बोटं काट्या-चमच्यातल्या काट्यासारखी काढायचा, आणि त्याच्या सावलीच्या तिरप्या रेघा माणसाच्या बाहेर सांडायच्या. कधीकधी एखाद्या कागदावर शिष्याच्या बारीक रेघांमध्ये चारदोन जाड, गडद फटकारे दिसत. "हा गुरू," सर म्हणायचे. "मुलाच्या खांद्यावरून वाकून दुरुस्त करतोय." हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा, बाजूच्या खोलीत ते दोघं अजून बसलेत आणि त्यांना ऐकू जाईल, अशासारखा.

त्या दुपारी अजून आठवतात मला. खिडकीबाहेर बर्फ, आत रेडिएटरची खुडखुड, जुन्या कागदाचा थोडा गोडसर वास. डब्यातली पोळी-भाजी मी खोलीबाहेरच्या कॉरिडॉरमधल्या बाकावर खायचे, सर त्यांचं सफरचंद घेऊन शेजारी बसायचे. एकदा त्यांनी लिंबाच्या लोणच्याची फोड मागून घेतली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत चघळली. "हे कुणाच्या हातचं?" त्यांनी विचारलं. हे तेवढं मराठीत. मी शिकवलं होतं. "काकूंच्या," मी म्हटलं. "सही नसली तरी ओळखता येईल," ते म्हणाले.

आता त्या पद्धतीबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच आहे.

नवा कागद आला की सर तो सही असलेल्या चित्राच्या शेजारी ठेवत. स्वतः आधी पाहत, भिंग लावून, सावकाश. मग भिंग माझ्याकडे देत आणि म्हणत, "पहिलं तुम्ही." मी माझं मत सांगेपर्यंत ते एक शब्द बोलत नसत. "म्हातारा डोळा त्याला हवं तेच बघतो," ते म्हणायचे. "म्हणून दुसरा डोळा लागतो, ज्याला माझं मत माहीत नाही. दोन डोळ्यांनी वेगवेगळं बघून एकच सांगितलं, तरच मी ते मानणार." साधा नियम. प्रामाणिक माणसाचा.

त्यांना एकच गोष्ट माहीत नव्हती. मी कुठल्या घरातून आले होते ती.

आमच्या घरी प्रश्न विचारला की उत्तर द्यायच्या आधी विचारणाऱ्याचा चेहरा वाचायचा, हे आम्हा बहिणींना कुणी शिकवावं लागलं नाही. बाबा शाळामास्तर, तापट. "आमटी कशी झालीय?" असं त्यांनी विचारलं की त्यांच्या भुवईवरून कळायचं, आज खारट म्हणायचं की छान. लग्न झाल्यावर सासरीही तेच कामाला आलं. यात मला कधी काही वाईट वाटलं नव्हतं. याला समजूतदार मुलगी म्हणत.

सुरुवातीला एका कागदाला मी 'नाही' म्हटलं होतं. खरंच वाटलं म्हणून. सरांनी चित्र पेटीत ठेवलं, आणि त्या दिवशी सफरचंद न खाता घरी घेऊन गेले. मला दिवसभर चुटपुट लागून राहिली. त्यानंतर माझं लक्ष कागदावरून हळूहळू त्यांच्याकडे वळलं. एखादं चित्र त्यांना पटलं की ते चष्मा काढून त्याची दांडी दातांत धरायचे. पटलं नाही की चष्मा डोळ्यांवरच, आणि अंगठा कोटाच्या बटणावर फिरत राहायचा. त्यांचं त्यांना हे माहीत नव्हतं. भिंग माझ्या हातात येईपर्यंत मला उत्तर मिळालेलं असायचं. मग मी वाकून चित्र बघायचे, त्या उत्तराला लागणारी कारणं शोधायला. आणि कारणं सापडायची. ती नेहमी सापडतात.

"तुमचा डोळा विलक्षण आहे," सर म्हणायचे. "आपलं क्वचितच वेगळं पडतं."

चार-पाचदा मी मुद्दाम वेगळं सांगितलं. किरकोळ कागदांच्या बाबतीत. संशय येऊ नये म्हणून. हेही आता सांगितलेलं बरं.

काकूंकडे शनिवारी जेवणं असायची. सावर क्रीम आणि क्रीम चीजचं श्रीखंड, तासभर लांबच्या इंडियन दुकानातून आणलेल्या डाळीचं वरण, जमिनीवर चादर टाकून गप्पा, कुणाच्या तरी गावाहून आलेली गाण्यांची कॅसेट. एकदा काकूंनी श्रीखंडाची वाटी माझ्या हातात देऊन विचारलं, "खरं सांग, वेलची जास्त झाली का गं?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "काकू, हिला नका विचारू! ही तुमच्या तोंडाकडे बघून सांगते. परीक्षेत शेजारच्याचा पेपर बघावा तशी."

"म्हणजे तुझं बरं चाललंय रे," काकू म्हणाल्या. "घरी जे शिजवतोस त्याला छानच म्हणत असेल."

"म्हणते ना! जळकी खिचडी स्मोकी झालीय म्हणाली."

सगळे हसले. मीही हसले. वाटीतलं श्रीखंड मात्र तसंच खाली ठेवलं.

प्रदर्शन ज्याच्याभोवती उभं राहणार होतं, ते चित्र आमच्याच म्युझियमचं होतं. दारात उभा म्हातारा, त्याला बिलगलेला मुलगा. सरांनी ते प्रथम पाहिलं तेव्हा ते स्वतः विद्यार्थी होते. त्यांची खात्री होती की हे त्या शिष्याचं, अगदी सुरुवातीचं, आणि म्हाताऱ्याच्या पाठीवरचा आणि बाहीवरचा जाड फटकारा गुरूनं दुरुस्तीसाठी मारलेला. पण पद्धत ती पद्धत. हे चित्र त्यांनी मला सगळ्यात शेवटी दाखवायचं ठेवलं होतं.

त्या दिवशी त्यांनी भिंग लावलंच नाही. नुसतंच पाहिलं, चष्मा काढला, दांडी दातांत धरली. "पहिलं तुम्ही."

मी वाकले. म्हाताऱ्याच्या कोपरापाशी जाड रेघेला बारीक रेघ ओलांडून जात होती. नीट पाहिलं. बारीक रेघ जाड रेघेवरून जाताना जराशी अडखळून फुगली होती, ओलांडल्यावर पुन्हा बारीक झाली होती. म्हणजे बारीक रेघ वर. जाड रेघ खाली. जाड रेघ आधी काढलेली होती. दुरुस्ती कधी चुकीच्या आधी येते का?

मी भिंग सरकवून दुसरीकडे पाहिलं. तिथेही तेच. खांद्यापाशीही तेच. मान वर केली. सर खिडकीकडे तोंड करून, चष्मा दातांत धरून उभे होते. मुलगी बघायला आलेली माणसं आत बसलीत आणि त्यांच्या उत्तराची वाट बघत मुलीचा बाप उभा असावा, तसे.

"त्याचंच आहे," मी म्हटलं. "आणि बाहीवर गुरूचा हात आहे."

सर वळले. त्यांचे डोळे भरले होते. "धन्यवाद," ते म्हणाले. इतकंच.

प्रदर्शन भरलं. एकच खोली, मंद दिवे, भिंतीवर आमच्या मुलाची चित्रं. मी मोरपंखी साडी नेसून गेले होते. काकू पॉटलकला न्यावा तसा घरून डबा करून घेऊन आल्या, त्यांना वाटलं उद्घाटन म्हणजे जेवण असणारच. कॅटलॉगच्या सुरुवातीला सरांनी माझे आभार मानले होते: प्रत्येक चित्र मी त्यांचं मत ऐकायच्या आधी, स्वतंत्रपणे पारखलं, आणि त्याशिवाय यातलं एकही विधान करण्याचं त्यांना धाडस झालं नसतं. नवऱ्यानं ते पान झेरॉक्स करून दोघांच्या घरी पाठवलं. बाबांचं उत्तर आलं, नाव राखलंस.

पंधरवड्यानं हॉलंडहून एक बाई आल्या. या विषयातल्या जाणकार. मृदू बोलणं, हातात स्वतःचं भिंग. म्हातारा आणि मुलापाशी त्या थांबल्या. बराच वेळ. मग सरांना हळूच म्हणाल्या, "मला वाटतं, जाड रेघ खाली आहे."

मी तीन पावलांवर उभी होते.

"शक्य नाही," सर म्हणाले.

"पाहा ना, कोपरापाशी."

सरांनी त्यांचं भिंग घेतलं, कोपरापाशी नेलं, बराच वेळ धरलं. मग भिंग परत दिलं आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "आम्ही दोघांनी वेगवेगळं पाहिलंय. मत यांनी माझ्या आधी दिलंय. यांचा डोळा माझ्याहून धारदार आहे. यांना विचारा."

त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सरांनीही. मी सरांचा चेहरा वाचला, आणि म्हटलं, "मला तरी वर वाटली होती."

त्या बाई भल्या होत्या. वाद घातला नाही. पण घरी गेल्यावर त्यांनी जे लिहायचं ते लिहिलं: कुणीतरी नंतर एका कच्च्या रेखाटनावरून बारीक रेघा ओढून ते भरून काढलं असावं, हे शिष्याचं नव्हे, आणि या प्रदर्शनातल्या इतर निर्णयांकडेही पुन्हा बघायला हवं. चित्र 'अज्ञात' म्हणून पेटीत परत गेलं. सर त्या उन्हाळ्यात रिटायर झाले. शेवटच्या दिवशी पेटीला हात लावून म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं होतं. दोन वर्षांपासून मला भिंगातून मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं, मधे धुकं. त्या बाईंनी दाखवलं तेव्हाही मला काही दिसलं नाही. पण तुम्ही होतात, म्हणून निर्धास्त होतो."

मी पेटीचं झाकण पुन्हा पुन्हा पुसत राहिले. त्यांच्या डोळ्यांचं मला वाईट वाटलं, असं ते समजले. त्यांनीच माझ्या खांद्यावर थोपटलं.

पुढे नवऱ्याला नॉर्थ कॅरोलायनात नोकरी लागली. आम्ही कॅरीला आलो. तेव्हा इथे पाइनची झाडं जास्त आणि माणसं कमी होती. मुलगी झाली. ती चारेक वर्षांची असताना मी तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अक्षरं शिकवायला बसवलं. माझ्या लहानपणी बाबा बोरूनं कागदावर हा एवढा जाड 'ग' काढून द्यायचे आणि आम्ही टाकाच्या बारीक टोकानं त्याच्यावरून गिरवायचो. इथे बोरू नव्हता, म्हणून मी तपकिरी मार्करनं 'ग' काढला आणि तिच्या हातात बॉलपेन दिलं.

"Why can't I make my own?" तिनं विचारलं.

"आधी माझ्यावरून गिरव. मग तुझा काढ."

ती जीभ बाहेर काढून गिरवू लागली. बारीक निळी रेघ, माझ्या जाड तपकिरी रेघेवरून, अडखळत, बाहेर सांडत. आणि माझा हात गॅसच्या बटणावर तसाच राहिला.

जाड रेघ खाली. बारीक वर.

गुरूनं म्हाताऱ्याची पाठ काढून दिली असेल. चारदोन फटकाऱ्यांत. आणि म्हणाला असेल, गिरव. मुलानं त्यावरून गिरवलं असेल, बाहेर आपल्या मनानं बोटं जोडली असतील, काट्यासारखी. दुरुस्ती नव्हे. त्याच्याही आधीचा धडा. असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. अजूनही म्हणत नाही. पण असं होऊ शकतं, हे त्या खोलीत एकाच माणसाला सुचू शकलं असतं. त्या हॉलंडच्या बाईंना नाही, सरांना नाही. मला. माझी बोटं लहानपणी त्यातून गेली होती. मी त्या दिवशी सरळ म्हटलं असतं, "सर, जाड रेघ खाली आहे," तर त्यांनी विचारलं असतं, "मग हे काय असेल?" आणि त्या प्रश्नावर मी विचार केला असता. त्यांचं चित्र कदाचित त्यांच्यापाशीच राहिलं असतं. मी त्यांना दुःख होऊ नये म्हणून खोटं बोलले, आणि ज्या गोष्टीनं त्यांचं चित्र वाचलं असतं, नेमकी तीच त्या खोट्याखाली दडपली गेली.

त्याच वर्षी काकूंच्या मुलीचं लग्न निघालं. आम्ही गाडी घेऊन ओहायोला गेलो. लग्नाच्या आदल्या दिवशी मी एकटी सरांकडे गेले. पत्नी आधीच वारलेली, घर पुस्तकांनी भरलेलं, आणि त्यांना आता माणसाचा नुसता आकार दिसत होता. मी लिंबाचं लोणचं नेलं होतं.

"कुणाच्या हातचं?" त्यांनी मराठीत विचारलं.

"माझ्या."

त्यांनी चव घेतली. "काकूंचं पाहून शिकलेलं," ते म्हणाले. "पण मीठ तुमचं."

मग मी सांगितलं. गिरवण्याबद्दल, मुलीच्या 'ग'बद्दल. ते खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. एकदा त्यांनी हवेत बोटानं जाड रेघ काढली, मग त्यावरून बारीक. चेहरा असा उजळला होता, जसा मी त्या खोलीतही कधी पाहिला नव्हता.

"आधीचा धडा," ते म्हणाले. "अर्थात. अर्थात!" आणि मग थांबले. "म्हणजे जाड रेघ खालीच आहे."

"हो."

"हे तुम्हाला कधी दिसलं?"

खोटं बोलायला जागा होती. मी म्हटलं, "त्याच दिवशी. तुम्ही दाखवलंत त्या दिवशी."

बाहेर कुणीतरी लॉनमोअर चालवत होतं.

"मग तसं का नाही सांगितलंत?"

"तुम्ही चष्मा काढला होता," मी म्हटलं.

त्यांना कळलं. इतक्याशा वाक्यावरून सगळं कळलं. त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे गेला आणि तिथेच राहिला. मग ते अगदी हळू म्हणाले, "आणि बाकीची? बाकीची चित्रं?"

इथे मी खरं बोलायला हवं होतं. खरं असं होतं की मलाच माहीत नव्हतं. त्यातली कुठली मी पाहिली आणि कुठली त्यांच्या चेहऱ्यावर वाचली, याची उकल माझ्यापाशी नव्हती. पण तो चेहरा समोर होता. डोळ्यांत धुकं, तोंड किंचित उघडं. तो काय मागत होता ते आंधळ्यालाही वाचता आलं असतं.

"बाकीची माझी मी पाहिली होती, सर," मी म्हटलं. "फक्त ते एक."

त्यांनी श्वास सोडला. "मग ठीक आहे," म्हणाले. "एकाचं काय. एक कुणाचंही चुकतं." आणि लोणच्याची आणखी एक फोड मागितली.

दुसऱ्या दिवशी लग्नात नवऱ्यानं विचारलं, "सर काय म्हणाले?" मी म्हटलं, "खूष होते." पुढच्या हिवाळ्यात काकूंनी फोन करून सांगितलं, ते गेले.

कॅटलॉग माझ्याकडे आहे. इतकी वर्षं माळ्यावरच्या खोक्यात होता. गेल्या आठवड्यात काढला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर, सकाळच्या उजेडात उघडून बसले. मुलीचं जुनं भिंग सापडलं, शाळेतलं. पहिलं चित्र, विहिरीपाशी पाणी मागणारी बाई. या चित्राच्या वेळी सरांनी चष्मा काढला होता, हे मला आठवतं. मी तो आठव बाजूला सारायचा प्रयत्न केला. पुन्हा समोर आला. पुन्हा सारला. शेवटी पानावर एवढी वाकले की कागदाशिवाय काही दिसू नये. बाईची बोटं पाहिली. बाहीची रेघ पाहिली. ती कुठेही सुटत नव्हती, कुठेही घाबरत नव्हती. नुसती नीटनेटकी होती.

"नाही," मी मोठ्यानं म्हटलं. "हे त्या मुलाच्या हातचं नाही, सर."

बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, "काय गं? कुणाशी बोलतेस?"

मी पान उलटलं.